कोणतं पान?

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज रात्री आला होता, मी सकाळी वाचला. 'ओव्हरलॉर्ड' या जपानी कादंबरीमालिकेवरच्या तुझ्या लेखाचे तिन्ही खर्डेही वाचले, पहिला आणि तिसरा तर दोनदा. पहिल्यात ती मालिका अजोड आहे, दुसऱ्यात ओंगळ आहे आणि तिसऱ्यात तू दोन्ही बाजूंची समजूत काढत बसली आहेस. आणि वर विचारतेस, 'मावशी, मला हे आवडतं की नाही तेच कळेनासं झालंय, आता काय लिहू?'

धीर द्यायला हे पत्र नाही. तुझं वाचन दांडगं आहे, तुला लिहिता येतं, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवायला नको. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिन्ही खर्डे मिळून चार हजारांवर शब्द आहेत आणि त्यांत एक पान नाही. 'क्रौर्याचं उदात्तीकरण' आहे, 'नैतिक पोकळी' आहे, 'विलक्षण विश्वनिर्मिती' आहे. कुठे आहे? कोणत्या खंडात, कोणत्या प्रसंगात, कोणाच्या तोंडी? पानावर बोट ठेव. एवढंच सांगायचंय मला, आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

तुझा गोंधळ मी हलका धरत नाही. सातव्या खंडात आर्शेसाठी तू रडलीस. तिला मारणाऱ्या त्याच आइन्झने, मालिकेच्या नायकाने, नवव्या खंडात सैन्य भुईसपाट केलं तेव्हा तुझ्या अंगावर रोमांच आले. हे तू मला माझ्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितलं होतंस आणि सांगताना तुझा चेहरा उतरला होता. त्या दहा मिनिटांत तू जी समीक्षा केलीस ती या तिन्ही खर्ड्यांत कुठेच नाही. मित्रांच्या एका गटाने 'तुला कळलंच नाही' म्हटलं, दुसऱ्याने 'असलं आवडणाऱ्याच्या मनातच काहीतरी काळंबेरं असतं' म्हटलं, आणि तू त्या दोघांना उत्तरं देत सुटलीस. पुस्तक राहिलं बाजूला.

आता माझं ऐक. मी एकोणतीस वर्षांची होते, एका पुरवणीत पुस्तक परीक्षणं लिहायचे. भयकथांचा एक संग्रह आला. अकरा कथा, तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचं पहिलंच पुस्तक. मी तीन कथा वाचल्या, चौथी अर्धी, आणि 'विकृतीचं प्रदर्शन' असं लिहून मोकळी झाले. छापून आल्यावर पंधराएक दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वर सप्रेम नमस्कार, मध्ये दोन शब्द, 'कोणतं पान?', आणि खाली सही. मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

बावीस वर्षांनी तो संग्रह मला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत दिसला. त्या रात्री अख्खा वाचला. नववी कथा, कोरड्या विहिरीची, इतकी चांगली होती की वाचून झाल्यावर मी दिवा मालवला नाही. पोस्टकार्डवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आलं. त्यांचं दुसरं पुस्तक मला आजवर कुठे दिसलेलं नाही.

माझी बाजूही ऐकून घे, कारण ती मी कोणाला कधी सांगितलेली नाही. मला चार दिवस दिले होते. घरात तान्हं मूल होतं. आणि तिसरी कथा खरोखर वाईट होती! आज मी पान सांगू शकते, सत्तेचाळीस. त्या पानावर एका बाईचा जीव जातो तो फक्त नवऱ्याला रडायला कारण मिळावं म्हणून. त्या कथेबद्दलचं माझं मत तेव्हाही बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पण तेव्हा मी सत्तेचाळीस हा आकडा लिहिला असता, तर त्या गृहस्थांना माझ्याशी भांडता आलं असतं. मी त्यांना भांडायलाही जागा ठेवली नाही. तेव्हापासून मी हा हेका धरला आहे. आमच्या वाचक मंडळातल्या दोघीतिघींनी त्यापायी माझ्याशी बोलणं कमी केलं. करू देत.

तू दिलेले पुठ्ठाबांधणीचे नऊ खंड आणि नंतरचे बारावा-तेरावा मी वही शेजारी ठेवून वाचले. मी काय पाहिलं ते सांगते. पटत नसेल तर वाद घाल, पण पान घेऊन ये.

पहिल्या खंडाची सुरुवातच घे. साल २१३८. बारा वर्षं चाललेला 'युग्द्रासिल' हा ऑनलाइन खेळ त्या रात्री बंद होणार आहे. एकेचाळीस जणांचा गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा संघ होता, शेवटच्या रात्री जेमतेम दोघेतिघे डोकावून जातात. मोमोंगा, म्हणजे पुढचा आइन्झ, एकटा उरतो. सगळे निघून गेल्यावरही नाझारिकचा, गिल्डच्या त्या थडग्यातल्या किल्ल्याचा खर्च भागावा म्हणून तो इतकी वर्षं एकट्याने कमाई करत राहिलेला आहे. सर्व्हर बंद पडण्याची वाट पाहत तो सिंहासनावर बसतो आणि सोबत्यांचे झेंडे एकेक करून मोजतो. माणसं सोडून गेलेल्या वाड्याचा हा राखणदार आहे. ती पानं नीट वाचली की पुढच्या सगळ्या क्रौर्याचं मूळ हातात येतं. तुझ्या एकाही खर्ड्यात ते झेंडे नाहीत.

त्या दालनातली दुसरी गोष्टही बघ. खेळ संपतोच आहे म्हणून तो अल्बेडो या नाझारिकच्या राखणदार स्त्रीपात्राच्या वर्णनातली एक ओळ पुसतो आणि 'तिचं मोमोंगावर प्रेम आहे' असं लिहितो. मग खेळ खरा होतो, तो आपल्या पात्राच्या सांगाड्याच्या देहात अडकतो आणि नाझारिकमधली पात्रं जिवंत होतात. त्याला त्याची लाज वाटते, पण पुढे लेखक त्या प्रेमाचा बहुतेक वेळा विनोदच करतो. 'स्त्रीपात्रं वाईट आहेत' हे तुझं दुसऱ्या खर्ड्यातलं वाक्य मला तिथे टेकवता येतं. तुला का आलं नाही?

आता सातवा खंड. हेक्केरान, इमिना, रॉबरडिक आणि आर्शे, पैशासाठी जोखमीची कामं घेणारे चौघे. आर्शेचं खानदान बुडालेलं, आईबाप अजून सरदारी थाटात उधळपट्टी करतात, घरी दोन जुळ्या लहान बहिणी आहेत, त्यांना घेऊन तिला बाहेर पडायचंय. हे चौघे नाझारिकच्या थडग्यात शिरतात. वाट नाझारिकनेच मोकळी ठेवलेली असते, म्हणजे चोरांना आमंत्रण देऊन मग चोरीची शिक्षा. आइन्झसमोर उभं राहिल्यावर हेक्केरान जीव वाचवायला थाप मारतो: आम्हाला आत यायला एकाने परवानगी दिली आहे, नाझारिकमधल्या आइन्झला नमस्कार सांग असा त्याचा निरोप आहे.

क्षणभर आइन्झला वाटतं, आपला एखादा मित्र या जगात आहे! पण जुन्या सोबत्यांना तो मोमोंगा म्हणून ठाऊक. आइन्झ हे नाव त्याने इथे आल्यावर घेतलं. थाप उघडी पडते. त्याच्या सांगाड्याच्या देहात भावना एका मर्यादेपलीकडे गेली की आपोआप दाबली जाते, पण इथे राग दाबला जातो आणि परत उसळतो. तुझे रडणारे मित्र म्हणतात लेखक निर्दय आहे, आणि टाळ्या पिटणारे म्हणतात आइन्झ ग्रेट आहे. त्या पानावर एका एकट्या माणसाची आशा कोणीतरी हत्यार म्हणून वापरली आहे, आणि तो माणूस त्याची किंमत चार जणांकडून वसूल करतो. त्या चौघांचे हिशेब, घरं, एकमेकांवरची माया लेखकाने आधी सावकाश उभी केली आहे. ज्यांना नुसतं भक्ष्य म्हणून दाखवायचंय त्यांची घरं कोणी इतक्या काळजीने बांधत नाही. तू रडलीस ते बरोबर रडलीस. लेखकाने तुला तिथे नेलं होतं, वाट चुकून गेली नाहीस.

आणि नववा खंड. कात्झेच्या मैदानावर एका मंत्रात ७० हजार माणसं पडतात. त्यातून पाच अक्राळविक्राळ प्राणी उभे राहतात आणि आइन्झ खूश होतो, कारण पाच हा विक्रम आहे. त्याच्या लेखी मैदानात प्रेतं नाहीतच, तिथे आकडा लागलाय. तुला रोमांच आले ते या जागी. मग लिही ना तसं! 'या पानावर मी त्याच्याबरोबर मोजलं आणि नंतर मला मळमळलं.' या एका वाक्यावर मी तुझे तिन्ही खर्डे ओवाळून टाकीन. हे लिहिल्याने तू वाईट ठरत नाहीस, आणि ठरलीसच कोणाच्या लेखी तर पानाचा पुरावा तुझ्याकडे आहे.

मी लेखकाची वकिली करत्येय असं समजू नकोस. त्याच्यावरचा सगळ्यात मोठा आरोप माझ्या वहीत आहे आणि तो तुमच्यापैकी कोणीच केलेला नाही. आइन्झचा सेवक डेमिअर्ज जादूच्या गुंडाळ्यांसाठी कातडं पुरवतो. ते कसल्यातरी मेंढ्यांचं आहे असं आइन्झ धरून चालतो. मेंढ्या म्हणजे माणसं आहेत हे वाचकाला कळतं, डेमिअर्जला माहीत आहे, नाझारिकमधल्या इतरांना माहीत आहे, फक्त मालकाला नाही. का नाही? कळलं असतं तर त्याने काय केलं असतं हे लेखकाला लिहावं लागलं असतं. थांबवलं असतं तर तो वेगळा माणूस झाला असता, चालू ठेवलं असतं तर काही वाचकांनी पुस्तक मिटलं असतं. लेखक कुगाने मारुयामाने ते पान लिहिलंच नाही, आणि विनोदी गैरसमजाआड ते झाकून ठेवलं. सातव्या खंडात ज्याने डोळ्याला डोळा भिडवला त्यानेच इथे नजर चुकवली. 'नैतिक पोकळी' हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापर. तो कोणी खोडून दाखवावा.

चौथ्या खंडाबद्दल तुझे मित्र म्हणतात की सरडेमाणसांच्या जमातींचं एवढं पाल्हाळ कशाला. अ‍ॅनिमेचा दुसरा भाग २०१८ मध्ये आला तेव्हाही हीच ओरड झाली असं तू सांगितलंस. मला त्या खंडाविषयी फार माया आहे. त्यांच्यातला झार्युसु जमातीबाहेर पडून मासे पाळायला शिकून येतो, कारण त्याने दुष्काळ आणि माशांवरून झालेली लढाई पाहिली आहे. दुसऱ्या जमातीची पांढरी क्रुश त्याला सांगते की त्या दुष्काळात आमची जमात आपल्याच मेलेल्यांना खाऊन जगली. हे सगळं वाचून झाल्यावर आपल्याला आठवतं की आइन्झला तिथून मुख्यतः प्रेतं हवी आहेत, प्रयोगासाठी. आइन्झचा सेनानी कोसायटस त्या लढवय्यांचा मान राखून त्यांच्यासाठी रदबदली करतो, ती तरी का करतो? त्याने जे पाहिलं ते आपणही पाहिलेलं असतं म्हणून. ते पाल्हाळ काढून टाक आणि बघ काय उरतं.

पाल्हाळ नाहीच असं मी म्हणत नाही. २०१० पासून संकेतस्थळावर हप्त्याहप्त्याने लिहिलेली आणि २०१२ पासून पुस्तकरूपाने आलेली ही गोष्ट, तिला त्या लिखाणाची सवय लागलेली आहेच. मंत्रांच्या याद्या, वस्तूंचे गुणधर्म, मनातल्या मनात तेच तेच हिशेब. कुठल्या यादीत मोमोंगाचा स्वभाव दिसतो आणि कुठली नुसतीच यादी आहे ते वेगळं करून दाखव, मग पाल्हाळ म्हण. आणि 'भाषा सपाट आहे' हे वाक्य आत्ताच्या आत्ता काढ. आपण दोघी इंग्रजी भाषांतर वाचतो. मूळ जपानी वाक्य आपल्यासमोर नाही. ज्या पानावर बोट ठेवताच येत नाही त्यावर निकाल द्यायचा आपल्याला अधिकार नाही, मग मोह कितीही होवो.

मी कठोर बोलतेय हे मला कळतंय. तुझा दुसरा खर्डा वाचताना मला एकोणतीस वर्षांची मी दिसले, तेच तोऱ्यातले शब्द, तीच घाई. तुला कोणी दोन शब्दांचं पोस्टकार्ड पाठवणार नाही. आता लोक तसं विचारत नाहीत, सरळ अंगावर येतात किंवा सरळ डोक्यावर घेतात. म्हणून मी विचारते आहे, आणि तू उत्तर देईपर्यंत विचारत राहीन.

आवडलं की नाही याचा निकाल आज लागायला हवा अशी घाई तुलाच आहे. पुस्तकाला नाही, मलाही नाही. सहा प्रसंग निवड. प्रत्येकाखाली खंड आणि पान लिही, त्या जागी तुला काय झालं ते दोन ओळींत लिही. विशेषणं नकोत. रोमांचही लिही, रडणंही लिही. एकमेकांशी जुळले नाहीत तर जुळवू नकोस. मासिकाच्या मुदतीत बसलं नाही तर पुढच्या अंकाला दे.

रविवारी ये, दुपारी मी घरीच आहे. सातवा खंड अजून आठ दिवस माझ्याकडे राहू दे. चौथा मात्र तू परत नेलास तो घेऊन ये; क्रुश झार्युसुला दुष्काळाचं सांगते ते पान मला पुन्हा वाचायचंय, आणि माझ्या वहीत त्याचा आकडा लिहायचा राहिलाय.

तुझी,
मावशी