चिऱ्याला गिलावा करू का? आणि इतर चार प्रश्न

कुडाळहून एक वाचक विचारतात: गावच्या जागेत जांभ्याच्या (कोकणातल्या तांबड्या दगडाच्या) चिऱ्यांचं घर बांधतोय. मेस्त्री म्हणतात, बाहेरून सिमेंटचा गिलावा मारल्याशिवाय पाऊस आवरणार नाही. मला चिरा उघडा ठेवायचाय. काय करू?

मेस्त्रींची भीती खोटी नाही. कोकणातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि जांभा सच्छिद्र. पण त्यावरचा इलाज छपरात आहे. पागोळ्या भिंतीपासून अडीच-तीन फूट लांब पडू द्या, पश्चिमेला पडवी काढा. जुन्या घरांना पडवी होती ती काही हौसेपोटी नव्हे. जोतं दोन फुटांच्या खाली नको, कारण पागोळीचं पाणी अंगणात आपटून भिंतीवर उडतं आणि पहिला थर तिथेच खराब होतो.

सिमेंटच्या गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्यातून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. मग दिवाळी उलटली तरी भिंत ओलीच. आतून गिलावा हवाच असेल तर चुन्याचा करा, बाहेरून फक्त दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, नीट भरा.

आणि चिरा निवडायला खाणीवर स्वतः जा. दोन चिरे एकमेकांवर हलकेच आपटा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर तिथेच सोडा. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डोळे असलेलाही नको, पावसात ती माती धुऊन जाते. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून तो कडक होतो, म्हणून काही आठवडे उघड्यावर रचून ठेवा. याच गुणामुळे स्कॉटिश डॉक्टर आणि प्रवासी फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं.

तुमची खाण जवळ आहे, म्हणून हे सगळं सांगतोय. पुण्यापर्यंत ट्रकने चिरा नेऊन ‘निसर्गस्नेही’ बंगला बांधणारे भेटतात तेव्हा पुण्यात काळा दगड मिळतो, एवढंच मी त्यांना सांगतो.

औसा तालुक्यातून: शेतात मातीचं घर बांधायचंय. शेतातलीच माती वापरता येईल का? आई म्हणते, किल्लारी आठव.

आईचं ऐका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात नेमकं काय पडलं, तेही समजून घ्या. त्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदर धरून ठेवणारा दगडच नाही. डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, तेही गळतंय म्हणून वरचेवर माती टाकून जड झालेलं. हादरा बसला तशा भिंती पोटातून फुटल्या आणि वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

दगडाची भिंत बांधणार असाल तर दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक दगड भिंतीतून आरपार गेला पाहिजे. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा हवा, कोपऱ्यात कुठेही न तुटलेला. छप्पर हलकं ठेवा. हे सगळं इंजिनिअरकडून काढून घ्या, मेस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

आता माती. जुने लोक शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणत. काळी पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती भिंतीला चालत नाही, आणि पायाही तिच्यातून खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरमाड माती शोधा आणि तपासा: काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाला खडे-वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतील. दाबून केलेल्या विटांना निम्म्याहून जास्त वाळू-खडे आणि पाचवा हिस्सा चिकणमाती असेल तर उत्तम. त्यात साधारण 5 टक्के सिमेंट पुरतं. गावच्या गढीची पांढरी माती मात्र उकरू नका. गढीच्या पोटात गावाचा इतिहास असतो.

आणखी एक, स्वतःच्या चुकीतून शिकलेलं. एका शेतघरात मालकांच्या आग्रहाखातर मी मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू दिला. दुसऱ्या पावसाळ्यात तो पापडासारखा सुटला, आणि येताना बोटभर जाडीची भिंतही घेऊन आला. मातीवर माती किंवा चुनाच.

पुण्याहून: भंगारवाल्याकडे लाकडी पॅलेट स्वस्त मिळतात. बाल्कनीतला बाक करावा का?

करा, पण आधी शिक्का बघा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि दोन इंग्रजी अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल आणि तेलकट डाग किंवा वास असेल तर तेही नको. टिकाऊ काम हवं असेल तर वखारीत पाडलेल्या वाड्याचं सागवान बघा. रंध्याखाली घालण्याआधी त्यावर चुंबक फिरवा, एक लपलेला खिळा अख्खं पातं घालवतो.

नागपूरहून: बांबूचा सोफा घेतला. रोज सकाळी खाली पिवळसर पूड पडलेली असते.

घुण लागलाय. त्याला बांबूतलं पिष्ट आवडतं. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू न मुरवता वापरला की हे ठरलेलं. तीन-चार वर्षांचा पक्व बांबू थंडीत तोडावा, मग काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवावा किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावा. सोफ्याला वरून वॉर्निश मारून उपयोग नाही, किडा आत आहे. भोकांत सुईने औषध भरून काही काळ निभेल. पुढच्या वेळी विकणाऱ्याला विचारा, बांबू कशात आणि किती दिवस मुरवला? उत्तर देताना तो अडखळला तर पुढच्या दुकानात जा.

एक शिक्षिका लिहितात: मुलांनी प्लास्टिकच्या दोन हजार बाटल्या जमवल्यात. त्यांच्या विटा करून वर्गाची भिंत बांधायची आहे.

ताई, वर्गाची नको. गुळगुळीत प्लास्टिकला माल धरत नाही, आणि आग लागली तर धूर मुलांच्या छातीत जाईल. अंगणात झाडाभोवती कट्टा करा, उरलेल्या भंगारात द्या. मुलांना घर थंड करणारं काम द्यायचं असेल तर फरशीच्या दुकानांतून पांढऱ्या टाइल्सचे तुकडे मागून आणा, बहुतेक जण फुकट देतात. ते वर्गावरच्या गच्चीवर चायना मोझेक करून, म्हणजे तुकडे शेजारी शेजारी चिकटवून, बसवा. तुकडे मुलांनी वेचायचे, फोडायचे मोठ्यांनी, हातमोजे आणि चश्मा घालून. बसवण्याआधी गच्चीचा उतार पन्हाळीकडे आहे ना, ते बादलीभर पाणी ओतून बघा.