पुण्याहून गडाच्या पायथ्यापर्यंत कमी पेट्रोलमध्ये कसं जावं? सायकल की छोटी गाडी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला पुण्यात, महिन्यातून दोन-तीनदा सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड या पट्ट्यात ट्रेक, घरी जुनी अल्टो आणि गियर असलेली एक सायकल. पेट्रोल कमी जाळायचं आहे, पण पायथ्याला पोचून गड चढायची ताकदही शिल्लक हवी.

आधी हिशोब करू, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. स्वारगेट ते राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर. चढ आणि गावाकडचा रस्ता धरून अल्टो लिटरला १८ किलोमीटर देते असं समजा, म्हणजे सहा लिटरच्या आसपास. एकटे गेलात तर सहाही लिटर तुमच्या नावावर, चौघं गेलात तर माणशी दीड. उत्तम चालवणारा सगळी काळजी घेऊन दहा-पंधरा टक्के वाचवेल, पण शेजारची सीट भरली की माणशी खर्च थेट निम्मा होतो. त्यामुळे गाडी कशी चालवायची याआधी गाडीत कोण कोण येणार हे ठरवा. आणि दोघंच असाल तर गाडी घरीच राहू द्या. १०० सीसीची मोटरसायकल लिटरला ५५ देत असेल तर दोघांना मिळून दोन लिटर पुरतात. भर पावसात आणि अंधारात मात्र हा पर्याय मी सुचवणार नाही.

आता अल्टो. टायरमधली हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर दिली असेल तेवढीच ठेवा. चौघं आणि सॅक असतील तर भरलेल्या गाडीचा आकडा पाहा. हवा टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावरच तपासायची. तीस किलोमीटर पळालेल्या टायरचा दाब गरम झाल्यामुळे जास्त दिसतो, आणि तो पाहून हवा काढली की टायर थंड झाल्यावर कमी पडतो. टपावर कॅरियर असेल तर काढून ठेवा. रिकामा असला तरी तो हवा अडवतोच. सॅक डिकीत आणि मांडीवर मावतात.

हायवेवर ७० ते ८० च्या दरम्यान टॉप गियरला राहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे शंभरच्या वेगाला तो साठच्या जवळजवळ पावणेतीनपट होतो. कात्रज ते चेलाडी फाटा हे अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटरचं. तिथे घाई करून चार-पाच मिनिटं वाचतात आणि पेट्रोल उगाच जातं.

घाटात दोन गोष्टी नेमक्या चुकतात. चढताना लोक वरच्या गियरमध्ये इंजिनाला गुदमरवतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात. तसं करण्यापेक्षा वेळेवर दुसरा टाका आणि एकसारख्या वेगाने चढा. तेवढा वेळ एसी बंद ठेवला की छोट्या इंजिनाला लगेच फरक पडतो. उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणं ही त्याहून मोठी चूक. इंजेक्शनच्या इंजिनात गियर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतो, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळत राहतं, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पाय दाबूनही गाडी नीट थांबत नाही. म्हणून ज्या गियरने चढलात त्याच्याच आसपासच्या गियरने उतरा.

शेवटचा गावातला रस्ता पावसाळ्यात हमखास खचलेला असतो. छोट्या गाडीचा तळ जमिनीपासून जेमतेम १६०-१७० मिलिमीटर वर असतो, आणि चौघं बसले की त्याहून कमी. मधला उंचवटा घासणार असं वाटलं तर तिघांना उतरवा, गाडी वर उचलली जाते. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. जळका वास आला की क्लचप्लेट जळते आहे असं समजा, आणि तिच्या खर्चात वर्षभराचं वाचवलेलं पेट्रोल जाईल. गाडी भातखाचराच्या कडेला लावू नका. सकाळी टणक वाटणारी माती दुपारच्या सरीनंतर चाक गिळते. गावात विचारून मुरमाच्या जागेत, तोंड बाहेर करून लावा आणि पार्किंगचे पैसे द्या.

सायकलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एका दिवसात सायकल आणि गड दोन्ही करायचं असेल तर सिंहगड. स्वारगेटपासून खडकवासला, डोणजेमार्गे आतकरवाडी पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत येते, रस्ता बराचसा सपाट आहे, दोन तासांत पोचता. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्या तुंबतात, म्हणून परतताना अकराच्या आत धरण ओलांडलेलं बरं. राजगड सायकलने करायचा तर दोन दिवस घ्या. सामानासकट ५५ किलोमीटरला चार तास धरा. त्यावर चोरदरवाजाची चढाई, आणि उतरून पुन्हा चार तास. मांड्या दमलेल्या असताना हायवेवर अंधारात सायकल चालवणं धोक्याचं आहे. हायवे टाळायचा म्हणून खानापूर, पाबे घाटाने तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला जाता येतं. वाहनं कमी, पण घाट खडा आहे. पुढे सर्वांत लहान चकती आणि मागे ३२-३४ दात्यांची असेल तरच त्या वाटेला जा.

सॅक पाठीवर घेऊन सायकल चालवू नका. पाच किलो वजनानेही तळहात बधिर होतात आणि पाठ घामाने भिजते. मागे कॅरियर लावा, सॅक आडवी ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा. लोंबणारे पट्टे चाकात जाऊ देऊ नका. पेडल साधी सपाट हवीत, म्हणजे ट्रेकच्याच बुटांवर सायकल चालते. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच आणि पंप जवळ ठेवा. तुमच्या ट्यूबला बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी ॲडॅप्टर न विसरता घ्या, कारण गावातल्या पंक्चरवाल्याचा पाइप मोटारीच्या व्हॉल्व्हलाच बसतो. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. बाभळीचा काटा मोडून आतच राहिलेला असतो आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. घाट उतरताना रिमब्रेक सतत दाबून धरू नका, सोडून सोडून दाबा. रिम तापून ट्यूब फुटते. पावसात लाल चिखल ब्रेकच्या रबरात अडकून रिम खरवडतो, म्हणून पायथ्याला पोचल्यावर अर्धी बाटली पाणी रिमवर घाला.

लोहगड-विसापूरसाठी मात्र दोन्ही वाहनं नकोत. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे गावावरून चालत निघा.

राजगड-तोरणा एकत्र करणार असाल तर गाडी अडचणीचीच. गुंजवण्याला लावली तर तुम्ही उतरणार वेल्ह्याला, आणि मार्गासनी, साखरमार्गे मागे यायला वीसेक किलोमीटर. काही जण आधी वेल्ह्यात सायकल ठेवतात, मग एकजण तिच्यावरून गाडी आणायला जातो. दिवसभराच्या चालीनंतर ते जड जातं. त्यापेक्षा जाताना नसरापूरपर्यंत एसटी आणि पुढे वडाप, म्हणजे माणशी भाड्याची जीप, येताना वेल्ह्याहून स्वारगेटची एसटी. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या, आणि त्या वेळेच्या तासभर आधी तोरण्यावरून खाली पोचाल अशा बेताने राजगड सोडा.