केळ्यांचा घड पिशवीत मावत नाही

फैजपूरकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : सरावासाठी दिलेल्या तीन वाक्यांत पहिलं होतं, 'शी बॉट अ बंच ऑफ बनानाज अँड वॉक्ड होम.' गाइडमध्ये त्याचं भाषांतर दिलंय, 'तिने केळ्यांचा घड विकत घेतला आणि ती चालत घरी गेली.' हे वाचल्याबरोबर वर्ग हसला आणि एका मुलानं विचारलं, 'मॅडम, डोक्यावर घेतला का खांद्यावर?' शब्दकोशात तर 'बंच'पुढे घड, घोस, गुच्छ, जुडगा, समूह असे शब्द एका ओळीत दिलेले आहेत. मग चुकलं कुठे? आणि 'बंच ऑफ कीज', 'बंच ऑफ स्टुडंट्स' या पुढच्या दोन वाक्यांचं काय करायचं?

ताई, तुमची मुलं अगदी बरोबर हसली. रावेर-यावलच्या केळी पिकवणाऱ्या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला घड म्हणजे काय ते कोशात बघावं लागत नाही. केळीचं झाड एकदाच निसवतं, म्हणजे फुलोरा टाकतं, एकच घड देतं आणि घड कापला की त्या झाडाचं काम संपतं. पुढचं पीक बुंध्याशी फुटलेल्या पिलावर. म्हणजे घड ही एका झाडाची अख्खी कमाई. ग्रँड नैन जातीच्या केळीचा चांगला पोसलेला घड असेल तर त्याला ८-९ फण्या असतात आणि वजन २०-२५ किलोंच्या घरात जातं. त्या ओझ्यानं झाड वाकू नये म्हणून आधार द्यावा लागतो. असा घड विकत घेऊन कुणी बाई चालत घरी निघाली, तर गाव बघायला गोळा होईल. (जाता जाता : 'ग्रँड नैन' हे नाव फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ होतो 'मोठा बुटका'. बुटक्या जातींमधला उंच, म्हणून.)

गाइडकारानं कोशातला शब्द उचलला, वस्तू डोळ्यांसमोर आणली नाही. केळीचे शास्त्रज्ञ आणि व्यापारी इंग्रजीतही 'बंच' म्हणतात ते अख्ख्या घडालाच. त्यांच्याकडे घडाच्या एका थराला 'हँड' म्हणतात आणि एकेका केळ्याला 'फिंगर'. त्यांना तिथे हात आणि बोटं दिसली, आपल्याला कंगवा आणि दाते दिसले, म्हणून आपण 'फणी' म्हणालो. दोन्ही भाषांनी एकाच वस्तूकडे किती नीट पाहिलंय! पण इंग्रजी बोलणारा साधा गिऱ्हाईक दुकानातून देठाशी जुळलेली पाच-सहा केळी आणतो आणि त्यालाही 'बंच'च म्हणतो. तुमच्या वाक्यातली बाई ही गिऱ्हाईक आहे, बागायतदार नाही. म्हणून तिथे लिहा : 'तिनं केळ्यांची फणी विकत घेतली.' लोटगाडीवरून आपण डझनानं घेतो, तेव्हा 'अर्धा डझन केळी' म्हटलं तरी मी चूक देणार नाही. 'घड' मात्र नको.

आता मूळ शब्दाकडे. 'बंच'चा इंग्रजीतला जुना अर्थ फुगवटा, उंचवटा, कुबड असा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, यशयाच्या पुस्तकात, उंटांच्या पाठीवर लादलेल्या संपत्तीचा उल्लेख आहे. तिथे उंटाच्या वशिंडाला 'बंच'च म्हटलंय. आज तो अर्थ मेला आहे. एका जागी गोळा झालेलं, दाटलेलं असं काहीतरी, एवढी त्याची सावली मात्र उरली आहे. कापड एका जागी गोळा होऊन चुण्या पडल्या तर त्याला आजही 'बंचिंग अप' म्हणतात.

माझ्या मते आजच्या 'बंच'ची खूण एकच : बऱ्याच वस्तू एका टोकाला धरलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या. द्राक्षं, गाजरं, फुलं, किल्ल्या, कोथिंबीर, सगळ्यांना हे लागू पडतं. 'बंडल'मध्ये वस्तू मधोमध आवळलेल्या असतात. लाकडाची मोळी, कपड्यांचं गाठोडं त्यात येतं. 'क्लस्टर'ला धरून ठेवणारं काही लागत नाही, नुसती जवळीक पुरते. ताऱ्यांचा पुंज, घरांची वस्ती. 'शीफ' म्हणजे पेंढी, आणि कागदांची चळतही. 'टफ्ट' म्हणजे गवताचा किंवा केसांचा झुबका. 'बुके' हा खास देण्यासाठी बांधलेला गुच्छ. हे सगळे शब्द कोशात 'बंच'चे समानार्थी म्हणून येतात, पण एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य लंगडतं.

इंग्रजी बघते की वस्तू कशा धरल्यात. मराठी आधी विचारते, वस्तू कोणती? म्हणून त्यांचा एक शब्द आपल्याकडे दहा ठिकाणी फुटतो. वेलीवर किंवा झाडावर आपोआप धरलेला तो घड किंवा घोस. माणसाच्या हातानं बांधलेली ती मेथीची जुडी, दादर ज्वारीच्या कडब्याची पेंढी. विड्याच्या पानांची कवळी. कडीत ओवलेल्या किल्ल्यांचा जुडगा. 'किल्ल्यांचा गुच्छ' मी हिंदीच्या वळणानं लिहिलेला वाचलाय, पण 'जुडगा' या शब्दात किल्ल्या कमरेला खुळखुळतात, ते 'गुच्छ'मध्ये ऐकू येत नाही. तुमच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर तेच : जुडगा. बाजारात आईबरोबर गेलेल्या मुलाला यातले निम्मे शब्द आधीच येत असतात. त्यांच्याकडूनच फळ्यावर लिहून घ्या.

तिसरं वाक्य, 'अ बंच ऑफ स्टुडंट्स वेअर वेटिंग.' माणसांसाठी हा शब्द सैल, बोलण्यातला आहे. मित्रांबद्दल आपुलकीनं चालतो, अनोळखी किंवा मोठ्या माणसांबद्दल उर्मट वाटतो. 'अ बंच ऑफ ऑफिसर्स' असं अर्जात लिहू नये हे मुलांना जरूर सांगा. अमेरिकन बोलीत तर 'अ बंच ऑफ'चा अर्थ नुसता 'पुष्कळ' असाही झालाय. क्रियापदही त्याप्रमाणे बदलतं. जुडगा एक वस्तू, म्हणून 'द बंच ऑफ कीज इज ऑन द टेबल'. मुलं अनेक, म्हणून 'वेअर'. मराठीत सूर बघून शब्द निवडा. साधी गर्दी असेल तर घोळका, टिवल्याबावल्या करणारं टोळकं, वाईट कामाला निघाली तर टोळी. 'बेस्ट ऑफ द बंच'ला घड-घोस काहीच आणू नका, 'सगळ्यांत उजवा' म्हणा.

तुमच्या वाक्यातली मुलं नुसती वाट बघत उभी आहेत, तेव्हा : 'मुलांचा एक घोळका वाट बघत उभा होता.'