पाब्लो एस्कोबारचा उदय आणि अस्त कसा झाला? तो खरंच गरिबांचा कैवारी होता का?

'गरिबांचा कैवारी' वाचलं आणि राहवलं नाही. कोलंबियाच्या या कोकेन तस्कराबद्दल आमच्या मेव्हण्याचं हेच पालुपद असतं.

2019 मध्ये कंपनीच्या कामासाठी चार महिने मेदेयीनला, म्हणजे पाब्लोच्याच शहरात होतो. निघताना मेव्हण्याने बजावलं, "दाजी, पाब्लोचा टीशर्ट आणाच." तिथे फूटपाथवर ढिगाने मिळतात. घेतला, रंग जातो का बघायला धुतला आणि घरमालकीणबाईंच्या दोरीवर वाळत टाकला. संध्याकाळी कपडे नेहमीसारखे घडी करून पलंगावर होते. हा टीशर्ट मात्र उलटा केलेला, चेहरा आत. बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोडक्या स्पॅनिशमध्ये मीच माफी मागितली, तेव्हा कळलं. त्यांचा धाकटा भाऊ पोलिसात शिपाई होता. 1990 च्या सुमारास पाब्लोने शहरातल्या पोलिसांच्या जिवावर बक्षीस लावलं होतं, मुडद्यामागे पैसे. गोळी घालणारा पोरगा त्यांच्याच गल्लीतला निघाला.

मेदेयीनमधल्या मोराविया वस्तीच्या कचरा डेपोवर राहणाऱ्यांना त्याने घरं बांधून दिली, हे खरं. पण असल्याच वस्त्यांतली पोरं त्याने सुपारीला जुंपली. तो हिशेब मेव्हणा कधी मांडत नाही.

आता उदय-अस्त. कोकेनचा पैसा आणि 'चांदी घे नाहीतर शिसं', म्हणजे लाच किंवा गोळी, हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मते त्याला बुडवलं राजकारणाच्या हौसेने. 1982 मध्ये तो संसदेत पर्यायी सदस्य झाला. पुढच्याच वर्षी न्यायमंत्री लारा बोनिया यांनी त्याला उघडं पाडलं आणि 'एल एस्पेक्तादोर' या वर्तमानपत्राने कोकेन प्रकरणातल्या त्याच्या 1976 च्या अटकेची बातमी उकरून काढली. गपचूप धंदा केला असता तर आणखी टिकला असता. 1984 मध्ये मंत्र्यांचा खून झाला, 1986 मध्ये त्याच वर्तमानपत्राचे संपादक गियेर्मो कानो यांचा. 1989 मध्ये विमानात बॉम्ब, आतले 107 जण गेले. राष्ट्राध्यक्षपदाच्या ज्या उमेदवारासाठी तो ठेवला, ते गाविरिया विमानात नव्हतेच. 1991 मध्ये स्वतःच्या सोयीच्या तुरुंगात शरण गेला, 1992 मध्ये पळाला. 2 डिसेंबर 1993 ला, चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, मेदेयीनमध्येच एका छपरावर मारला गेला.

हां, तो मेल्याने कोकेन थांबलं नाही. काली शहरातल्या प्रतिस्पर्धी टोळीने धंदा उचलला, गिऱ्हाईक अमेरिकेत होतंच.

मेव्हणा हे वाचणारच. टीशर्ट माझ्या कपाटात आहे, अजून उलटाच. मिळणार नाही.