ध्रुवीय गोड्या पाण्यात सापडलेला रंगीत, शीतप्रेमी जिवाणू नवी प्रजाती आहे हे कसे ठरवतात?

केवळ रंगावरून काहीच ठरत नाही, कारण पिवळ्या-केशरी वसाहती एकमेकांपासून फार दूरच्या गटांतही आढळतात. नमुना कमी पोषकद्रव्यांच्या अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) पसरून ४ ते १५ अंश सेल्सिअसला काही आठवडे धीराने ठेवावा लागतो. पिवळ्या वसाहतीवर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच ती तांबूस-तपकिरी झाली, तर फ्लेक्सिरुबिन गटातील रंगद्रव्याचा संशय येतो; ही खूण फ्लेवोबॅक्टेरियम या जिवाणू-गटाच्या आप्तांमध्ये वारंवार दिसते, पण ती खूणच, पुरावा नव्हे.

पुढे १६एस आरआरएनए जनुकाचा (सर्व जिवाणूंत असणाऱ्या, ओळख पटवायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा) क्रम ज्ञात प्रजातींशी ताडतात. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर नवेपणाची बाजू भक्कम होते. ते अधिक असले, तरी संपूर्ण जनुकसंचांमधील सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य (डीएनएच्या अक्षरांची जुळणी) ९५-९६ टक्क्यांखाली आल्यास प्रजाती वेगळी मानता येते, आणि माझ्या मते खरा निवाडा इथेच होतो. याआधी हाच निर्णय डीएनए-डीएनए संकरणावर (दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळून जोडले जातात यावर), ७० टक्क्यांच्या मर्यादेवर होत असे. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो ड्राय व्हॅलीतल्या एका तळ्याच्या सायनोबॅक्टेरियांच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंच्या) थरातून मिळालेल्या कोकुरिया पोलारिस या केशरी जिवाणूचे वर्णन हैदराबादच्या संशोधकांनी २००३ मध्ये केले, ते त्याच काळातले. नाव वैध ठरण्यासाठी प्रारूप वाण (ज्यावरून प्रजातीचे वर्णन होते तो जिवंत नमुना) दोन वेगवेगळ्या देशांतील जिवाणू-संग्रहांत जमा करावा लागतो.