सहा महिन्यांचा कारभारी

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत बाबांनी उभा केलेला प्रेस पार्टचा कारखाना आहे. त्यांची बायपास झाली तेव्हापासून मी बघते. कामगार ३४. ऑर्डरी आहेत, तरी पगार दहा-बारा दिवस लांबतो, बँकेचं सीसी खातं (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायचं कर्ज) कायम काठोकाठ. आमचे सीए म्हणतात, सहा महिन्यांसाठी अनुभवी माणूस आणा आणि कारखाना त्याच्या हाती द्या. तो महिना अडीच लाख मागतो. बाबा म्हणतात, "एवढे असते तर पगारच नसते का दिले?" काय करू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, बाबांचा सवाल चोख आहे. पंधरा लाखांचा मामला. म्हणून आधी येणी तारीखवार मांडा. ९० दिवसांपलीकडची उधारी बँक सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाही, म्हणजे तोच अडकलेला पैसा तुम्हाला दोनदा चिमटा काढतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची सरकारी 'उद्यम' नोंदणी असेल, तर २००६च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. लेखी करार नसेल तर १५. शिवाय २०२३-२४पासून, ही मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकीत राहिलं, तर खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या अकाउंट्सवाल्याला नुसती आठवण करा. एवढ्यानेच पंधरा-वीस लाख सुटत असतील, तर माणूस कशाला हवा?

नसतील सुटत, तर आणा. असा भाड्याचा कारभारी मीही होतो. वागळे इस्टेटमध्ये पहिला आठवडा मी डिस्पॅचच्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून काढला. माल तयार, क्रेट भरलेले, टेम्पो उभा, पण तपासणीच्या कागदावर सही करणारा माणूस एकच, आणि तो जेवणानंतर गिऱ्हाइकाकडे गेलेला. आज निघायचं बिल परवा निघायचं. दुसऱ्या माणसाला सहीचा अधिकार दिला. मालकाला हे बारा वर्षं दिसलं नव्हतं, कारण त्याची केबिन वरच्या मजल्यावर.

तेव्हा त्या गृहस्थांना विचारा, बसणार कुठे? केबिन, एसी, लॅपटॉप असं सुरू झालं, तर चहा पाजून निरोप द्या.

तळोज्याला मात्र मी तोंडघशी पडलो. सोमवारी कोणाचं देणं द्यायचं याची यादी मी करायचो आणि मालक रात्री मेव्हण्याच्या बिलाचा चेक फाडायचा. सातव्या आठवड्यात मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. चूक माझीही होती. हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं होतं. तुम्ही सही स्वतःकडेच ठेवा, एकट्या त्याच्या सहीने पैसा जाऊ देऊ नका. पण त्याच्या यादीबाहेर एक रुपयाही जाणार नाही, बाबांच्या शब्दानेसुद्धा, हे कागदावर आणा. ते बाबांना जमणार नसेल, तर पंधरा लाख वाचवा.

फी पूर्ण ठरावीक नको. दीड लाख दरमहा, बाकी वसूल झालेल्या जुन्या येण्यांवर. विक्रीवर चुकूनही बांधू नका. तो पडेल भावाच्या ऑर्डरींनी शेड भरून टाकेल आणि तुमची सीसी आणखी फुगेल.

जुने फोरमन रुसतीलच. नव्या माणसाची ओळख तुम्ही करून देऊ नका. बाबांना गाडीतून आणा, सकाळच्या शिफ्टच्या चहाला, आणि त्यांनाच सगळ्यांसमोर बोलू द्या.