आधी मालक शोध

प्रिय,

तुझं पत्र वाचलं आणि चिडलो. बंद घरांसाठी नियमांचा मसुदा लिहितेस आणि रिकाम्या घरांवर कर बसवावा की दुरुस्तीला अनुदान द्यावं, यातच अडकून पडली आहेस. अगं, बंद घरांची यादी आहे ना तुझ्याकडे? त्यातल्या किती घरांचे मालक तुला ठाऊक आहेत? कागदावरचं नाव नको सांगूस. आज सही करू शकेल असा जिवंत माणूस सांग.

जपानचंच बघ. 2023 च्या पाहणीत तिथे सुमारे 90 लाख घरं रिकामी निघाली, शंभरात जवळपास चौदा. पडकी घरं तिथल्या करानेच टिकवली होती: जागेवर घर उभं असेल तर लहान भूखंडाचा कर एक षष्ठांश मूल्यावर, घर पाडलं की सवलत गेली. मग पाडणार कोण? 2015 च्या कायद्याने धोकादायक घरांची सवलत काढता येऊ लागली, 2023 च्या दुरुस्तीने नीट न राखलेली घरंही त्यात आली. छान. पण नोटीस बजावायची कोणाला? घर आजोबांच्या नावावर, मुलं वारलेली, नातवंडं चार शहरांत. शेवटी 1 एप्रिल 2024 पासून वारसनोंद सक्तीची झाली: वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत करायची, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. त्या सगळ्या खटाटोपात मला हेच कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

आयर्लंडची दुरुस्ती-अनुदानाची योजना तुला आवडली आहे. मलाही आवडते. दोन वर्षं रिकाम्या घराला 50,000 युरोपर्यंत, मोडकळीस आलेलं असेल तर 70,000 पर्यंत. पण अर्जाला मालकीचा पुरावा लागतो, निदान खरेदीची बोलणी चालू असल्याचा तरी. भाऊबंदकीत सापडलेलं घर तिथवर पोचणार कसं? इंग्लंडमध्ये वर्षभर रिकाम्या घराचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, दुप्पट करता येतो, दहा वर्षं रिकामं असेल तर चौपट. 2004 च्या कायद्याने घराचा कारभार हाती घेऊन ते भाड्याने द्यायचा अधिकारही तिथल्या कौन्सिलांना, म्हणजे स्थानिक संस्थांना आहे, वापरतात क्वचितच. कर वाईट नाही. फक्त तो भरणारा आधी सापडायला हवा. म्हणून म्हणतो, आधी मालक शोध.

नोकरीत असताना एका दारावर आमच्याच नोटिशी एकावर एक डकवलेल्या पाहिल्या होत्या. खालची उन्हाने पिवळी पडलेली, वरचीचा शिक्का ताजा. सगळ्या मेलेल्या माणसाच्या नावाने!

त्याच घराच्या वारसांतली एक बहीण सही देत नव्हती. सगळे तिला आडमुठी म्हणत. जाऊन बसलो तेव्हा कळलं, सही केली की हिस्सा गेला अशी तिची समजूत. दुरुस्तीची संमती वेगळी आणि हक्कसोडपत्र वेगळं, एवढंसुद्धा तिला कोणी सांगितलं नव्हतं. हे सांगायला कुठलं अनुदान लागतं?

खात्यात मला ‘वारसवाले’ म्हणून चिडवायचे. माझ्या फायली रेंगाळतात असा शेरा होता, बढती लांबली. लांबू दे. दंडाचे मोठमोठे आकडे दाखवणाऱ्यांची वसुली कागदावरच राहिली आणि माझ्या रेंगाळलेल्या फायलींतल्या घरांत माणसं राहायला गेली. (हे तुला सांगायची गरज नव्हती. पण अजून बोचतं.) खंत एकच आहे. वारस शोधायला एक स्वतंत्र माणूस नेमावा, ही ओळ मला नियमात घालून घेता आली नाही. साहेब लोकांना ते कारकुनी काम वाटायचं.

तुझ्यात चिकाटी आहे, म्हणून तर एवढं बोलतोय. आता एक कर. मसुद्यातलं कराच्या टक्केवारीचं प्रकरण बाजूला काढ. यादीतली दहा घरं घे. शेजाऱ्यांना विचार, वीजबिल कोणाच्या नावाने येतं ते बघ, वारसनोंदी काढ आणि प्रत्येक घरापुढे लिही: कोण, कुठे, सही का अडली. तो तक्ता मला पाठव. टक्केवारीवर त्यानंतर हवं तेवढं भांडू.

तुझा,
काका